रूथताईंची भीड

रूथताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पानिपतला होतो. ब्लँकेटच्या एका मिलमध्ये, कापड तपासायच्या टेबलाशी उभा राहून आमच्या यंत्राचं झाकण उघडत होतो. फोन दिनकररावांचा होता, रूथताईंच्या यजमानांचा. ते नेहमीसारखेच हळू आणि सुटे सुटे शब्द बोलले. "मंदार, रूथ गेली. पहाटे, झोपेतच. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर." मग मला वाटलं फोन कट झाला. तेवढ्यात परत त्यांचा आवाज आला, "तू सावकाश ये. हायवेवर धुकं असेल." ज्यांची बायको काही तासांपूर्वी गेली होती ते गृहस्थ मला धुक्याची काळजी घ्यायला सांगत होते. मी झाकण तसंच उघडं ठेवून बाहेर आलो आणि मिलच्या फाटकाशी एका रिकाम्या हातगाडीवर बसून राहिलो. धुकं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दफनविधीला आम्ही कंपनीतले जुने लोक बरेच जमलो होतो. पाद्रीबाबांनी प्रार्थना मराठीत केली. आमच्यातल्या हरियाणा-पंजाबच्या मंडळींना त्यातला एक शब्दही कळत नव्हता, पण सगळे माना खाली घालून उभे होते. सगळ्यात मागे भाटियाजी होते, आमच्या कंपनीचे मालक. त्यांच्या शेजारी, पण जरा अंतर ठेवून, आमच्याकडे पूर्वी काम करणारी प्रीती. त्या दोघांना असं एका रांगेत उभं बघून मला वाटलं, हे ताईंनी बघायला हवं होतं. अशा वेळी असले विचार येतात खरे, आणि त्यांचा काही उपयोग नसतो.

रूथ साळवे हे नाव वाचकांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. त्या कधी कुठल्या व्यासपीठावर गेल्या नाहीत. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले, आणि रूथताई सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या. घरात मराठी, खाली मैदानात हिंदी. पुढे त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकल्या, आणि बरीच वर्षं इकडेतिकडे नोकऱ्या करून भाटियाजींच्या कंपनीत आल्या. तेव्हा ती कंपनी म्हणजे फरीदाबादच्या औद्योगिक वस्तीतली एक पत्र्याची शेड होती. तिथे कापडातले दोष कॅमेऱ्याने पकडणारं यंत्र बनवायचं चाललं होतं. धागा तुटला, तेलाचा डाग पडला, वीण सुटली, तर ते यंत्राने ओळखायचं आणि दिवा लावायचा, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पण ते यंत्र जमत नव्हतं, आणि ते जमवण्यासाठी रूथताईंना इंजिनीअरिंगच्या प्रमुख म्हणून आणलं होतं.

मी तिथे लागलो तो यंत्रं गिऱ्हाइकाकडे बसवून देणारा माणूस म्हणून. मुलाखतीत माझं आडनाव ऐकून त्यांनी एकदम मराठी सुरू केली आणि माझी पंचाईत झाली. मी जन्मापासून दिल्लीचा. आईशी बोलण्यापुरती मराठी येते, पण त्यांची मराठी वडिलांकडून आणि चर्चमधून आलेली, जुन्या वळणाची. पहिल्याच सोमवारी त्या मला म्हणाल्या, "मंदार, एक लक्षात ठेव. इथे कुणाची भीड ठेवायची नाही." मी म्हटलं, "जी ताई." आणि मग दिवसभर माझ्या टेबलाभोवती कोणी घोळका करून उभं राहिलं की मी त्यांना हटवत होतो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, हे काय चाललंय तुझं? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात, भीड नको.  त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून पदराने पुसावा लागला. "अरे बाबा, हिंदीतली गर्दी नव्हे. आपली मराठी भीड. समोरच्याला वाईट वाटेल, साहेब रागावेल, लोक हसतील, म्हणून आपण ओठांवर आलेलं गिळतो ना, ती. भीड भिकेची बहीण, ऐकलं नाहीस कधी?"

नव्हतं ऐकलं. पण त्यानंतर तो शब्द आमच्या शेडमध्ये सगळ्यांचा झाला. रोहतकचा असो की कानपूरचा, "मैम, भीड नहीं रख रहा हूँ, सीधा बोलता हूँ" असं म्हणूनच तो तोंड उघडायचा. दिल्लीच्या कडेला एका पत्र्याच्या छपराखाली एक मराठी शब्द असा मजेत राहिला होता.

रूथताईंची पद्धत म्हणावी तर फार साधी होती. सोमवारी सकाळी सगळ्यांनी एका लांब टेबलाभोवती बसायचं आणि गेल्या आठवड्यात आपलं काय बिघडलं ते सांगायचं. सुरुवात त्या स्वतःपासून करायच्या. "माझा हिशेब चुकला, लेन्स चुकीची मागवली," असं अगदी भाजीत मीठ जास्त झालं इतक्या सहज सांगायच्या. मग सगळ्यात नव्या माणसाची पाळी. जुने आणि मोठे शेवटी. का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मोठा आधी बोलला की धाकटा तेच बोलतो. मग इतक्या लोकांना पगार कशाला द्यायचा? एकट्या मोठ्यालाच ठेवू." आणि दुसरं म्हणजे, अडचण सांगणाऱ्याला "मग यावर उपाय काय" असं त्या कधीच विचारायच्या नाहीत. मला आधी हे विचित्र वाटायचं. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला अडचण दिसते त्यालाच उत्तर सुचेल असं थोडंच आहे. अडचण एकटी आली तरी तिला आत घ्यावं. उत्तर मागून येतं, आणि भलत्याच माणसाकडून येतं.

हे नुसतं बोलणं नव्हतं, याचा पुरावा म्हणजे आमचं यंत्र. प्रीती तेव्हा नुकती लागली होती. सोनिपतकडची मुलगी, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. जेवणाच्या सुटीनंतर कॅमेऱ्याजवळ काहीतरी सारखं करताना तिचा धक्का लागून वरचा दिवा निखळला, कॅमेऱ्यावर आपटला आणि लेन्स फुटली. ती लेन्स परदेशातून मागवलेली, दुसरी नव्हती. आवाज ऐकून भाटियाजी केबिनमधून आले. माणूस वाईट नाही, पण तापट, आणि त्या काळात कंपनी तरेल की बुडेल या चिंतेत. "किसने तोड़ा?" ते ओरडले. प्रीती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढरा पडलेला. रूथताई तिच्याजवळ गेल्या. लेन्सकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिचा चेहरा बघून त्यांना काहीतरी वेगळंच जाणवलं असावं. त्यांनी विचारलं, "बेटा, क्या देखा?"

प्रीती अडखळत म्हणाली, "मैम, लाइट गिरी तो... कपड़े पे तिरछी पड़ी। एक सेकंड के लिए सारे धागे दिख गए। जैसे शाम को खेत में मिट्टी के ढेले दिखते हैं, परछाईं के साथ।"

भाटियाजी पुन्हा काही बोलणार, तर रूथताईंनी हात वर केला. "भाटियाजी, टूटने की बात कल करेंगे। आज लड़की ने जो देखा है, वो देख लेते हैं।" आणि त्यांनी तिथेच जमिनीवर एक ब्लँकेट पसरलं, हातात टेबललॅम्प घेतला आणि गुडघ्यांवर बसून तो कापडाच्या पातळीवर, जवळजवळ जमिनीला लागेल असा धरला. गडद रंगाच्या ज्या ब्लँकेटमध्ये आमच्या कॅमेऱ्याला कधी काही दिसलं नव्हतं, त्यात प्रत्येक तुटका धागा आपली छोटी सावली घेऊन उभा राहिला. आम्ही इतके दिवस उजेड वरून पाडत होतो, आणि वरून पाडलेल्या उजेडात सावली पडत नाही. भाटियाजीसुद्धा खाली बसले. सुटाबुटातले, गुडघ्यांवर. 

त्या तिरक्या उजेडावर पुढे सगळी कंपनी उभी राहिली. पानिपतच्या मिलमध्ये यंत्रं लागली, मग लुधियानाला, मग दक्षिणेत. लोक विचारायचे, ही कल्पना कोणाची? रूथताई म्हणायच्या, प्रीतीची. प्रीती म्हणायची, दिव्याची. मला मात्र आजही वाटतं की ती कल्पना त्या एका प्रश्नातून आली. "कसं तुटलं" असं विचारलं असतं तर ती मुलगी रडली असती, माफी मागितली असती आणि घरी गेली असती. काय दिसलं ते तिच्याजवळच राहिलं असतं.

रूथताईंना देवमाणूस करून ठेवायची माझी इच्छा नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. त्या हट्टी होत्या. एखादी गोष्ट मनासारखी होईपर्यंत यंत्र बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. गिऱ्हाईक खोळंबायचं, आणि शिव्या खायला मी पानिपतला असायचो. चहा नीट झाला नाही तर तोंडावर सांगायच्या. आणि आपली ही सगळी रीत कंपनीच्या नियमांत बसवून घ्या, असं आम्ही कितीदा सुचवलं तरी त्या उडवून लावायच्या. "घरात चप्पल बाहेर काढतात, त्याचा काय नियम लिहून ठेवलाय कोणी?" असं म्हणायच्या. तेव्हा ते उत्तर आम्हाला फार आवडायचं. आता तितकं आवडत नाही.

कंपनी वाढली. बाहेरच्या लोकांनी तिच्यात पैसा घातला आणि आम्ही फरीदाबादची शेड सोडून गुडगावच्या काचेच्या इमारतीत गेलो. नवे मुख्याधिकारी आले. तेही वाईट नव्हते, हे मला नमूद केलं पाहिजे. हुशार, कामसू, दिलेला शब्द पाळणारे. मोठी कंपनी सोमवारच्या गप्पांवर चालत नाही असं त्यांना वाटायचं, आणि त्यात तथ्यही असेल. त्यांनी प्रत्येकाच्या कामाला गुण द्यायची व्यवस्था आणली. कामं वेळेवर व्हायला लागली. लांब टेबल नव्या जागेत मावत नव्हतं, म्हणून ते गोदामात गेलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आली, की निडर बना, नवं काही करा. आणि साहेबांचं एक आवडतं वाक्य होतं, ते प्रत्येक मीटिंगमध्ये यायचं. "मेरे पास प्रॉब्लेम मत लाओ, सोल्यूशन लाओ।" ऐकायला किती चांगलं वाटतं. मलाही वाटलं होतं.

रूथताईंना ते पहिल्या दिवशीच खुपलं. त्या भाटियाजींकडे गेल्या, एवढं मला माहीत आहे. काय बोलणं झालं ते तेव्हा कळलं नाही. थोड्या दिवसांनी त्यांना सल्लागार केलं, म्हणजे स्वतंत्र केबिन आणि काम काही नाही. त्यानंतर एका शुक्रवारी त्या सगळ्यांशी नेहमीसारखं बोलल्या, टेबलावरची दोन-तीन झाडं पिशवीत घातली आणि गेल्या. निरोप समारंभाला नको म्हणाल्या. मी खाली गाडीपर्यंत गेलो होतो. म्हटलं, "ताई, का जाताय?" म्हणाल्या, "वय झालं रे. दिनकर पण आता रिटायर झालाय." मी ते खरं धरलं. पुढे त्या दिल्लीतल्या द्वारकेला, सोसायटीतल्या बागेत दिसायच्या. मीही द्वारकेतच राहतो, दोन सेक्टर सोडून. भेटलो की त्या आईची चौकशी करायच्या, ऑफिसची करायच्या नाहीत.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी पानिपतच्या एका मिलमध्ये आमच्या यंत्राने पेट घेतला.

जुन्या यंत्राला एक पंखा होता, तो आतली उष्णता बाहेर फेकायचा. आवाज करायचा आणि त्याची जाळी रोज साफ करावी लागायची. नव्या यंत्रातून तो पंखा काढला. नवं यंत्र देखणं, सडपातळ, सगळीकडून बंद. ऑफिसच्या स्वच्छ हवेत त्याला काही झालं नाही. पण ब्लँकेटच्या मिलमध्ये हवेत सतत लोकरीची बारीक लव उडत असते आणि सगळ्यावर तिचा थर बसतो. त्या थराखाली यंत्राची बंद पेटी तापत गेली, लव आधी धुमसली, मग शेजारचा ढीग पेटला. टेबलावर तपासणी करणाऱ्या नसीमभाईंनी पेटतं ब्लँकेट हातांनी ओढून बाहेर फेकलं, म्हणून मिल वाचली. हात मात्र कोपरापर्यंत भाजले. मी इस्पितळात त्यांना भेटलो तेव्हा दोन्ही हात पट्ट्यांत होते आणि त्यांची बायको त्यांना चमच्याने चहा पाजत होती. मला बघून तेच म्हणाले, "आप क्यों परेशान होते हो, मशीन है, हो जाता है।"

परत आल्यावर प्रीती मला इमारतीच्या पार्किंगमध्ये भेटली. आता ती चांगल्या हुद्द्यावर होती. माझ्या गाडीत बसली आणि दार लावून घेतलं. म्हणाली, "मंदार भैया, मुझे पता था।" चाचणीच्या वेळी तिने पानिपतहून पिशवीभर लव मागवून नव्या यंत्रावर टाकून पाहिली होती. पेटी तापली, करपल्याचा वास आला. तिने तिच्या वरिष्ठाला सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, याचं सोल्यूशन काय? तिच्याकडे नव्हतं. पंखा परत बसवायचा तर सगळी रचना बदलायला हवी होती. मग सोल्यूशन मिळालं की ये, असं तो म्हणाला. ते शोधता शोधता यंत्र बाजारात गेलं. तिने पुन्हा विषय काढला नाही. "नंबर कटते हैं भैया, और सब ऐसे देखते हैं कि ये तो हमेशा रोती रहती है।"  फुटलेल्या लेन्ससमोर जी मुलगी बोलली होती, तीच ही. तिच्यात काही कमी झालं नव्हतं. तिच्या भोवतीचं सगळं बदललं होतं.

मी तिला सरळ द्वारकेला घेऊन गेलो. रूथताईंना हृदयाचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी जिनेसुद्धा चढू नका म्हणून सांगितलं होतं. दिनकररावांनी दार उघडलं आणि प्रीतीचा चेहरा बघून काही न विचारता आत चहा टाकायला गेले. ताई सोफ्यावर शाल घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि सगळं ऐकलं. मधे एकदाही तिला तोडलं नाही. लव किती होती, पेटी किती वेळात तापली, वास कसला होता, एवढंच विचारलं. तू गप्प का राहिलीस, हे नाही विचारलं. प्रीतीच्या ते लक्षात आलं, आणि तेव्हा ती रडली.

मग ताई माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागल्या. मला वाटतं, प्रीतीसमोर पण प्रीतीला नाही, असं त्यांना बोलायचं होतं. "ही पोर गप्प राहिली ते मला समजतं. मी तिच्याहून मोठी, मीही गप्पच निघाले. तेव्हा भाटियाजींना मी म्हटलं होतं, हे वाक्य बंद करा, लोक तोंड मिटून घेतील. ते म्हणाले, रूथ जी, अब कंपनी बड़ी हो गई है, आप थोड़ा एडजस्ट कीजिए। मला अजून पुष्कळ बोलायचं होतं रे. पण त्यांनी मला वाईट दिवसांत नोकरी दिली होती, दिनकरच्या ऑपरेशनच्या वेळी ते रात्रभर बसले होते... त्यांची भीड पडली मला. जगाला भीड सोडा म्हणून सांगितलं आणि मी दोन कुंड्या उचलून घरी आले." मग म्हणाल्या, "आणि सवय लावली ती तरी कुणाला? मला वाटलं कंपनीला लावली. ती माझ्या खुर्चीला लागली होती. खुर्ची गेली, सवय गेली."

मी म्हटलं, "ताई, असं नका म्हणू."

"का? भीड वाटते का तुला?" त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर गुडगावला आल्या. दिनकरराव फार चिडले. मी त्यांना चिडलेलं प्रथमच पाहिलं. "फोनवर बोल ना, काय ते बोल. डॉक्टर काय म्हणालेत विसरलीस का?" ताई साडीची पिन लावत म्हणाल्या, "फोनवर मी पुन्हा भिडेला पडेन, दिनकर." शेवटी तेही आमच्याबरोबर आले. खाली स्वागतकक्षातल्या मुलीने ताईंना ओळखलं नाही, पाहुण्यांचा पास लिहून दिला. त्यांनी तो गळ्यात घातला आणि वर गेल्या.

भाटियाजींच्या खोलीत नवे साहेबही होते. प्रीतीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेब म्हणाले की हे योग्य मार्गाने वर यायला हवं होतं. रूथताई म्हणाल्या, "आया था। रास्ते में रुक गया।" मग त्या भाटियाजींना म्हणाल्या, "ग़लती मेरी भी है। मुझे जाते वक़्त जो कहना था, मैंने कहा नहीं। आज कह रही हूँ। सब मिलों में मशीनें बंद करवाइए, आज ही। और इस लड़की को सज़ा मत दीजिए, वरना अगली बार कोई बताने नहीं आएगा।" भाटियाजी खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "रूथ जी, उस दिन आप लड़ लेतीं मुझसे।" 

यंत्रं बंद झाली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक मिलला फोन गेला. पंखा आणि जाळी परत बसवायचं ठरलं, आणि ते बसवत मी गावोगाव फिरलो. नसीमभाईंच्या उपचाराचा भार कंपनीने घेतला. पण सगळं काही गोड झालं असं नाही. प्रीतीला कोणी काढलं नाही, तरी तिच्याशी मोकळं बोलणंही कोणी ठेवलं नाही. महिन्याभरात ती स्वतःच सोडून गेली. भिंतीवरची पाटी आहे तशी आहे. साहेबांचं वाक्य तेवढं बंद झालंय. भाटियाजींनी ताईंना परत या म्हणून घरी येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "अब देर हो गई, भाटियाजी। लेकिन आप आया कीजिए।" ते दर रविवारी यायचे. दोघं जुन्या शेडच्या गोष्टी काढत बसायचे म्हणे. फेब्रुवारीत ताई गेल्या.

मला राहून राहून वाटतं, त्या शुक्रवारी त्यांनी भांडण केलं असतं तर काय झालं असतं? कदाचित हरल्याच असत्या. पण आम्ही ते भांडण ऐकलं असतं. त्या कशासाठी जातायत हे आम्हाला कळलं असतं, आणि निदान आमच्यातल्या दोघाचौघांनी ते पुढे धरून ठेवलं असतं. नवं काही सुचायला हुशार माणसं लागतात असं सगळे म्हणतात. हुशार माणसं आमच्याकडे आधीही होती आणि नंतरही होती. त्या शेडमध्ये जे होतं ते नाजूक होतं, सांभाळावं लागणारं होतं. ते सांभाळणाऱ्या बाईला आम्ही कधी विचारलं नाही, की तुम्हाला स्वतःला काय बोलायचंय. ती वेळ आता गेली.

परवा दिनकररावांकडे गेलो होतो. दिल्लीत ऊन कडक पडायला लागलंय. त्यांनी पन्हं केलं होतं, जरा जास्तच गोड. म्हणाले, "ये, तुला रूथची खोली दाखवतो. तू नाही पाहिलीस." मागच्या बाजूची छोटी खोली, पूर्वी तिथे इस्त्रीचे कपडे पडलेले असायचे. आत एका स्टुलावर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा होता, त्याच्या झाकणाला वेगवेगळ्या कोनांत भोकं पाडलेली, आत एक बल्ब, तारा, स्वयंपाकघरातला थर्मामीटर. आणि सगळीकडे लव. डब्यावर, स्टुलावर, खिडकीच्या कठड्यावर, फरशीवर, करड्या-निळ्या लोकरीची बारीक लव. गुडगावहून आल्यावर त्यांनी भाटियाजींकडून एक पोतं मागवलं होतं म्हणे, आणि शेवटचे दोन-तीन महिने रोज दुपारी इथे बसायच्या. पंख्याशिवाय उष्णता बाहेर कशी काढता येईल, ते शोधत. मी डबा उचलून पाहिला. काही भोकं मेणाने बुजवलेली होती, म्हणजे ती चुकली असणार. काही अर्धीच पाडलेली. पुढे काय करणार होत्या ते त्यावरून मला कळलं नाही.

"जमलं होतं का त्यांना?" मी विचारलं.

"माहीत नाही," दिनकरराव म्हणाले. "रोज संध्याकाळी जेवताना सांगायची, आज हे बिघडलं, आज ते बिघडलं. मजेत असायची अगदी."

आम्ही तिथेच दाराशी उभे होतो. खोलीला पश्चिमेचं ऊन, भिंती तापलेल्या, मला घाम फुटला. मी सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट हलकेच धरलं.

"पंखा नको लावू," ते म्हणाले. "सगळं उडून जाईल."